तेराव्या सीटचा माणूस

समुद्रावर जायचं आम्ही ठरवलं ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर, डोंग्यात बसून. जानेवारीतली पक्षीगणना संपत आली होती. लांबवर कुरवांचा थवा पाण्यावर बसलेला आमच्या अध्यक्षांना दिसला. म्हणजे नावाड्याला दिसला; अध्यक्षांनी दुर्बीण लावून त्याला दुजोरा दिला. आमच्या मंडळात बहुतेक पक्षी असेच दिसतात. नावाडी बोट दाखवतो, आम्ही पुस्तकात नाव शोधतो आणि अहवालात मंडळाचं निरीक्षण म्हणून लिहितो.

मंडळ पवनीचं. अध्यक्ष म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, आम्ही त्यांना सर म्हणतो. सचिव बँकेत आहेत आणि त्यांना तक्ते करण्याचा नाद आहे. तिसरे कापड दुकानदार, त्यांच्याकडे हाताएवढ्या लांबीची लेन्स असलेला कॅमेरा आहे. बाकी पाचसहा शिक्षक, एक कंपाउंडर आणि मी. मी पवनीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते. हे पुढे लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर सर त्या थव्याकडे बघत म्हणाले, की हे पक्षी समुद्रावर हजारांनी असतात. या वसंतात कोकणातल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर आपण सगळे जाऊ. मग डोंग्याच्या टोकाला बसलेल्या नावाड्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीसुद्धा."

नावाड्याने वल्हं थांबवलं. "मी बी?"

"तुम्ही आधी. तुमच्याशिवाय आमची गणना होते का?"

डोंग्यात सगळे प्रसन्न हसले. पाण्यावर असलं की माणसं उदार होतात.

काठाला लागल्यावर बाकीचे चहाला गेले. मी बुटांतला चिखल काढत बसले होते. नावाडी डोंगा बांधता बांधता म्हणाला, "बाई, सर खरंच म्हणून राहिले का?"

मी म्हटलं, सर बोलले म्हणजे निदान बैठक तरी होईल.

मग त्याने मला सांगितलं की त्याला पक्षी नकोच आहेत, पक्षी इथे भरपूर आहेत. त्याला पाणी बघायचं होतं. धरण भरत होतं त्या वर्षी त्याच्या गावातली माणसं रोज सकाळी पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची. दुसऱ्या दिवशी काडी पाण्याखाली. मग दहा पावलं मागे येऊन दुसरी काडी. अशा काड्या रोवत रोवत ते आता जिथे राहतात त्या पुनर्वसनाच्या वसाहतीत पोचले. उन्हाळ्यात पाणी जरा उतरतं, पण त्याच्या घरापर्यंत कधी उतरलं नाही. आणि टीव्हीवर कोणीतरी सांगितलं होतं, की समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा परत जातं.

"चढलेलं पाणी एका दिवसात वापस जाते, हे मले एकदा डोळ्यानं पाहाचं हाये," तो म्हणाला. "मंग पाडव्यापासून मी नागपूरले. पोरानं गोदामावर चौकीदारी लावून देल्ली. बारा घंट्याची ड्युटी, सुट्टी नाही."

म्हणजे हा वसंत, नाहीतर कधीच नाही. मी बुटांच्या नाड्या बांधल्या आणि म्हटलं, बघू.

पहिली बैठक सरांच्या घरी झाली. सचिवांनी छापील तक्ता आणला होता. पहाटे पावणेसहा चहा. सहा ते नऊ निरीक्षण. नऊ नाश्ता. दहा ते चार देवदर्शन, किल्ला, मासळीचं जेवण, विश्रांती. साडेचार ते साडेसहा निरीक्षण. तक्ता बघून सगळ्यांना समाधान वाटलं, कारण तो अगदी आमच्यासारखा होता. आम्ही तलावावरची माणसं. भंडारा जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, आणि कुठल्याही तलावावर पक्षी बघायचे तर पहाटे आणि संध्याकाळी. मधल्या वेळात पक्षी सुस्त, माणूसही सुस्त. वीस वर्षं आम्ही हेच करत आलो.

किनाऱ्यावर बघायचा मुख्य पक्षी ठरला कालवफोड्या. काळा-पांढरा, लांब लालभडक चोचीचा. खडकांना चिकटलेली कालवं आणि शिंपले फोडून खातो. सचिवांनी त्याचं चित्र तक्त्याच्या कोपऱ्यात टाकलं होतं. तारखाही ठरल्या. फाल्गुनातल्या शुद्ध पक्षातला शनिवार-रविवार, कारण त्याला जोडून बँकेला सुट्टी होती.

त्यानंतर दीड तास टोपीवर चर्चा झाली. टोप्या करायच्या यावर एकमत होतं, टोपीवर कुठला पक्षी छापायचा यावर नव्हतं. मी सारस सुचवला, कारण आपल्याकडे तो अजून थोडाफार उरला आहे. दुकानदारांना रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हवा होता. रोहित आपल्या जिल्ह्यात कुणी बघितला आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही, पण गुलाबी रंग उठून दिसतो. रोहित मंजूर झाला. टी-शर्ट हिरवे ठरले, म्हणजे पक्ष्यांना आपण झाडीत मिसळून गेल्यासारखे वाटू. काळ्या खडकांवर बारा हिरवी माणसं कशात मिसळणार, हा प्रश्न मी विचारला नाही. नऊ वाजत आले होते आणि घरी पोळ्या व्हायच्या होत्या.

तेरा सीटची गाडी ठरली. दहा सभासद, दोघांच्या बायका, तेरावा नावाडी. त्याचं नाव सचिवांनी तक्त्यात शेवटी लिहिलं: तेरा, नावाडी. नाव नव्हे, 'नावाडी' असंच लिहिलं. तरी लिहिलं होतं. मी त्याला फोन करून सांगितलं. दोन दिवसांनी मला कळलं की त्याच्या सगळ्या वसाहतीला ते कळलं आहे.

दुसऱ्या बैठकीत सचिवांच्या मेहुण्याला जागा लागणार असं निघालं. मेहुण्याला पक्ष्यांची आवड नव्हती, पण कोकण बघायचं होतं. एका सभासदाने घरच्या अडचणीमुळे नाव मागे घेतलं, तेव्हा ते जमलं. तिसऱ्या बैठकीत दुकानदार म्हणाले, की त्यांची लेन्स मांडीवर घेऊन हजार किलोमीटर जाणं शक्य नाही, टपावर टाकणं त्याहून अशक्य. तिच्या पेटीला एक सीट द्यावी.

सगळ्यांनी तक्त्याकडे बघितलं. तक्त्यात तेरा क्रमांकावरचा माणूस सोडला तर सगळे बैठकीला हजर होते.

सर म्हणाले, त्यांना काय, ते कुठेही बसू शकतात. मी विचारलं, कुठे? सचिव म्हणाले, मधल्या वाटेत एक प्लास्टिकचं स्टूल टाकता येईल. मी म्हटलं, मग स्टुलावर लेन्स बसवू. दुकानदार माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या आईला स्टुलावर बसवते आहे. शेवटी ठरलं की याचा निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा, आणि त्या बैठकीला नावाड्यालाही बोलवायचं. हे मी ठरवून घेतलं. माणसाची सीट काढायची तर त्याच्यासमोर काढावी.

चौथ्या बैठकीला तो आला. पांढरा सदरा, पायांत नव्या चपला. सरांच्या घरी खुर्ची दिली तरी तो पायरीवरच बसला. सचिवांनी तक्ता वाचून दाखवला. माणसं काढून टाकायच्या आधी तक्ता वाचून दाखवायची पद्धत असावी. पहाटे पावणेसहा, सहा ते नऊ, असं सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता. वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, काही शंका?

"एक इचारतो," तो म्हणाला. "पाणी किती वाजता चढते?"

"कसलं पाणी?" सचिव म्हणाले.

"समुद्राचं. तुमी सहा वाजता खडकावर जाऊन राहिले. तवा खडक वर राहीन का पाण्याखाली?"

मेहुणा हसला, आणि एकजण म्हणाला की समुद्र म्हणजे काही धरण नाही, दरवाजे उघडायला. त्यावर बाकीचेही हसले. सर हसले नाहीत. त्यांच्या पदार्थविज्ञानाला कुठेतरी ठेच लागली असावी. मी तर हसूच शकत नव्हते. मी दरवर्षी सातवीला भरती-ओहोटीचा धडा शिकवते. फळ्यावर चंद्र काढते, पृथ्वी काढते, दोन्ही बाजूंनी पाणी फुगवून दाखवते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेते. परीक्षेला ते हमखास येतं. आणि चार बैठका मी तो तक्ता बघत बसले होते. आमच्या तलावातलं पाणी जागचं हलत नाही, म्हणून जगातलं कुठलंच पाणी हलत नसणार, असंच मीही धरून चालले होते.

मी तिथूनच, फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवून, कोकणातल्या मालकीणबाईंना फोन लावला. त्यांच्या घरी आमच्या खोल्या ठरल्या होत्या. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावरच घर. मी विचारलं, आमच्या तारखांना खडक किती वाजता उघडे असतील?

"तिथी कोणती पडते ताई?" त्या म्हणाल्या.

सचिवांनी कॅलेंडर उलटलं. अष्टमी.

"मग तिथीला तिनाने गुणा नि चाराने भागा. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला नि संध्याकाळी सहाला भरती. खडक उघडे पडायचे ते बाराच्या सुमाराला. तेव्हा तुम्ही काय करणार?"

सचिवांनी तक्ता बघून खालच्या आवाजात सांगितलं, "मासळीचं जेवण."

"मग जेवायला तरी या," बाई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या.

म्हणजे आमच्या दोन्ही निरीक्षणांच्या वेळी खडकांवर पाणी असणार होतं, आणि कालवफोड्या जेवायला उतरणार त्याच वेळी आम्हीही जेवायला बसणार होतो. मी विचारलं, सकाळी खडक उघडे मिळतील असा दिवस कुठला? त्यांनी सांगितलं, पुनवेला किंवा अवसेला या. सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटे पुरती ओहोटी. उजाडताना लांबपर्यंत खडक उघडे, पक्षी लोळतात नुसते. पण पुनवेला शिमगा. पालख्या नाचतात, मुंबईची माणसं येतात, अंगणातसुद्धा जागा नसते. "त्यापेक्षा माघी अवसेला या. घर रिकामं आहे."

मी फोन ठेवला. माघी अमावास्या पंधरा दिवसांवर होती. सुट्टी टाकण्यापुरता वेळ होता, गाडीवाल्याला तारीख बदलून चालणार होती. मला वाटलं, प्रश्न सुटला. नावाड्याचा प्रश्न इतका बरोबर निघाल्यावर लेन्सची पेटी आपोआप स्टुलावर जाईल, असंही मला वाटलं.

बैठकीत कुणी 'अमावास्या' हा शब्द उच्चारला नाही. दुकानदार म्हणाले, त्या दिवशी उजेड बरोबर नसतो. मी म्हटलं, दिवसा सूर्य असतो. सचिव म्हणाले, आदल्या दिवशी शिवरात्र, गाडीवाला मिळणार नाही. मी तिथूनच गाडीवाल्याला फोन केला, तो मिळाला. कंपाउंडर म्हणाले, घरून समुद्राकाठी पाठवणार नाहीत, या दिवसात. कुठल्या दिवसात ते त्यांनी सांगितलं नाही.

मी सरांकडे बघितलं. लिंबू-मिरचीवर त्यांचं पाऊण तासाचं व्याख्यान आहे. आमच्या शाळेत ते तीनदा झालं आहे. तिन्ही वेळा शेवटी ते लिंबू कापून सरबत करून पितात आणि मुलं टाळ्या वाजवतात.

सर घसा साफ करत म्हणाले, "माझा प्रश्न नाही. मी मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण सामूहिक सहल आहे. सगळ्यांच्या भावनांचा विचार करावा लागतो." मग माझ्याकडे बघून, अगदी सौम्यपणे: "तुमचं वेगळं आहे मॅडम."

माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात अमावास्या म्हणजे कॅलेंडरवरचा काळा ठिपका, बाकी काही नाही. दूधवाल्याचा खाडा मांडायला त्या चौकोनात जागा कमी पडते एवढीच तिची अडचण.

"हो सर, वेगळं आहे," मी म्हटलं. "म्हणून मला तो ठिपका भरती-ओहोटीचा दिसतो."

सर हसले. रागावले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. रागवायला मुद्दा लागतो.

नावाडी अजून पायरीवरच होता. चर्चा कुठे चालली आहे ते त्याला माझ्याआधी कळलं असावं. उठून त्याने सदरा झटकला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाला. मी फाटकापर्यंत गेले. म्हटलं, भाऊ, थांबा जरा, अजून ठरलेलं नाही काही.

"ठरलं बाई," तो म्हणाला. "सरकारी मिटिंग मी लय पाह्यल्या. जवा सगळेच एकमेकाच्या भावना पाहून राहते, तवा आपलं गाव गेलं समजाचं."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप आला: तांत्रिक कारणास्तव किनारा सहल पुढील वर्षीपर्यंत स्थगित. टोप्या तयार आहेत, सभासदांनी घेऊन जाव्यात.

मी टोपी आणली. उन्हात वाळवण घालताना बरी पडते.

त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की आपल्याला कोकणात जायचं आहे. नवरा कुठल्याच तक्त्यात नसतो, त्यामुळे त्याला कुठेही नेणं सोपं जातं. त्याने फक्त विचारलं, थंडी असेल का? मी म्हटलं, नाही. मग नावाड्याला फोन केला. एका बाईमाणसाने आणि तिच्या नवऱ्याने त्याला एकट्याला नेणं त्याला अवघड वाटत होतं, आणि पवनीत त्याच्या किती गोष्टी झाल्या असत्या ते मलाही माहीत होतं. म्हणून मी त्याच्या बायकोलाच फोनवर घेतलं. ती म्हणाली, "मी नाई येत माय, मले गाडी लागते." पाच मिनिटांनी तिनेच उलट फोन करून विचारलं, भाकरी किती दिवसांच्या घेऊ?

रेल्वेच्या चार बर्थ मिळाल्या, त्याही दोन वेगळ्या डब्यांत. शिवरात्रीच्या आदल्या दुपारी आम्ही भंडारा रोडला गाडीत बसलो. तिला गाडी लागली नाही. माझ्या नवऱ्याला लागली.

अमावास्येच्या दिवशी उजाडताना आम्ही किनाऱ्यावर होतो. काळे, खरबरीत, धारदार खडक, लांबपर्यंत उघडे. मधल्या खळग्यांत पाणी अडकलेलं. मालकीणबाई म्हणाल्या तसे पक्षी लोळत नव्हते, पण होते पुष्कळ. तुतवार, कुरव, राखाडी रंगाचा समुद्री बगळा. आणि अर्ध्या तासात खालच्या खडकांवर कालवफोड्या. मी मोजले, अकरा. चोच शिंपल्याच्या फटीत घालून असा काही झटका देतात, की आमच्याकडे एवढ्या सफाईने सीताफळही कुणी फोडत नाही. मी ग्रुपवर एवढंच टाकलं: कालवफोड्या, अकरा, सकाळी सात दहा. लगेच सरांचं उत्तर आलं, उत्तम, मंडळाच्या अहवालात घेऊ. दुकानदारांनी विचारलं, फोटो आहे का? मी फोन पिशवीत टाकला.

नावाडी पक्ष्यांकडे बघत नव्हता. तो खाली पाण्याच्या कडेपर्यंत गेला होता. तिथे दोन खडकांच्या मधल्या रेतीत त्याने एक काडी रोवली होती. आणि वर येऊन, काडी दिसेल अशा जागी, उकिडवा बसला होता.

आठपर्यंत काडीभोवती पाणी आलं. नऊच्या आत काडी गेली. बायको त्याच्या शेजारी जाऊन बसली. तीही त्याच गावची. पाणी वर येत राहिलं, पक्षी उठून दुसरीकडे गेले, आणि आम्ही चौघं दोनदा मागे सरकलो. मागे सरकण्याची त्या दोघांना सवय होती. ते माझ्याआधी उठायचे.

सव्वाअकराला पाणी थांबलं. मालकीणबाईंनी वरून हाक मारली, पानं वाढते. माझा नवरा लगेच निघाला. मी नावाड्याला म्हटलं, भाऊ, जेवून या, पाणी कुठे जात नाही.

"तेच पाहून राहिलो ना बाई," तो म्हणाला. "जाते का नाही ते."

मी वर गेले नाही. का गेले नाही ते मला विचारू नये. मला भूक लागली होती. मी रोहिताची टोपी घातली आणि बसले. बारा वाजून गेले तेव्हा पाणी उतरायला लागल्याचं माझ्या लक्षात आलं. त्याच्या ते आधीच आलं होतं. एकेक खडक वर येत गेला, ओला, चकाकत. दीडच्या पुढे पाण्यातून काडीचं टोक दिसलं. मग अर्धी. मग एक लाट तिच्या अलीकडेच थांबली आणि परत गेली, आणि ती सगळीच्या सगळी रेतीत उभी दिसली, जरा वाकडी झालेली.

नावाडी खाली गेला. काडीभोवतीची रेती त्याने हाताने चाचपून बघितली. पायाने दाबून बघितली. मग बायकोला हाक मारून बोलावून घेतलं आणि तिलाही पायाने दाबून बघायला लावलं. ती म्हणाली, घट्ट हाये.

वर येताना तो माझ्याजवळ थांबला.

"एवढं मोठं पाणी रोज चढून राहिलं, रोज उतरून राहिलं," तो म्हणाला, "अन् इथं कोणाले नोटीस नाई?"

मी म्हटलं, नाही.

त्याने मान हलवली. काडी त्याने तिथेच ठेवली. वर गेलो तेव्हा भात गार झाला होता. मालकीणबाईंनी कढी तेवढी पुन्हा तापवली. तो तीन वेळा भात घेऊन जेवला आणि हात धुऊन त्याने विचारलं, आता पुरती ओहोटी किती वाजता? पाच-साडेपाचला, बाई म्हणाल्या. तेवढा वेळ तो ओसरीवर, समुद्राकडे पाठ करून, गाढ झोपला.